मागे चालण्याच्या शर्यतीबद्दल खुलासा

सानगडी, ता. साकोली, जि. भंडारा
रविवार, दुपार

ती. करुणाताईस,
भूषणचा सप्रेम जयभीम.

हे पत्र आठ दिवसांपूर्वीच तुझ्या हातात पडायला पाहिजे होतं. पहिल्या दिवशी पेन सापडला नाही. दुसऱ्या दिवशी पेन सापडला, तर तेजरामभाऊंच्या टेम्पोचं चाक बदलायला जावं लागलं. तिसऱ्या दिवशी कोरा कागद घेऊन बसलो, 'ती. करुणाताईस' एवढं लिहिलं, आणि मग अंगणातल्या बोरीकडे पाहत बसलो (बोरं अजून कच्ची आहेत). खरं सांगायचं तर हिंमत होत नव्हती. फोनवर सांगता आलं असतं, पण माझा फोन पाण्यात पडला म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवला आहे, आणि शिवाय फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. कागद बिचारा मधात बोलत नाही.

तुझी तब्येत कशी आहे? डॉक्टरांनी ॲसिडिटीसाठी चहा सोडायला सांगितला होता, तो सोडला का? मोठ्या आईचा गुडघा कसा आहे? पुण्यात तिसऱ्या माळ्यावर चढउतार करून तो सुधारायचा नाही असं मी दरवेळी सांगतो, आणि तुम्ही दरवेळी लिफ्ट आहे म्हणता. इकडे धान कापून झालं, अर्धं चुरून, मळून झालं. तुझे काका-काकू, म्हणजे आईबाबा, दोघेही बरे आहेत, फक्त माझ्याशी बोलत नाहीत.

तर मुद्दा असा. येत्या शुक्रवारी फर्म ठरवणार आहे की मला कायम करायचं की घरी पाठवायचं. (पाहा, मी आता कंपनी म्हणत नाही, फर्म म्हणतो. अकरा महिन्यांत एवढं तर शिकलो.) त्याआधी ते तुला विचारतील, कारण तू याच फर्मच्या पुण्याच्या ऑफिसात मॅनेजर आहेस, आणि माझ्या फॉर्मवर 'उमेदवाराची खात्री कोण देतो' या रकान्यात तुझं नाव आहे आणि खाली तुझी सही आहे. त्यांच्याकडून तुला जे कळेल ते इंग्रजीत आणि चार ओळींत कळेल. माझ्याकडून नीट ऐक.

सुरुवात मला घेतलं तिथूनच करावी लागते. तुला माहीतच आहे, डिग्री नसलेल्या ग्रामीण मुलांना संधी द्यायची म्हणून नागपूरच्या ऑफिसने जी योजना काढली, तिच्यात जागा दहा होत्या आणि टिकलो मी एकटा. बाकीच्या नऊ जणांनी तिसऱ्या महिन्यात डिग्री काढायला किंवा पोलीस भरतीला जाणं पसंत केलं. त्यामुळे समावेशन म्हणून जे काही करायचं ते सगळं माझ्यावरच करावं लागतं. ताई, अकरा महिन्यांत मला पाच वेळा समाविष्ट केलं. एकदा पोस्टरवर (मी हसून राहिलो आणि मागे गव्हाचं शेत आहे, आपल्याकडे कोण गहू लावते?). एकदा दिल्लीच्या पाहुण्यांसमोर. दोनदा व्हिडिओत. एकदा 'माझी गोष्ट' नावाच्या कार्यक्रमात, जिथे मी सुरतेच्या साडी पॅकिंगपासून गोव्याच्या हॉटेलापर्यंत सगळं खरं सांगितलं, तर मला म्हणाले, यात संघर्ष कमी आणि फिरणं जास्त आहे, पुढच्या वेळी जरा संघर्ष घाल. आणि दर तिमाहीला कॉम्प्युटरवर पंचेचाळीस मिनिटांचा धडा, शेवटी 'मला समजले' हे बटण. ते न दाबता खिडकी बंदच होत नाही. माझं खरं काम आहे मीटिंगच्या खोल्या उघडणं, पडद्याला लॅपटॉप जोडून देणं आणि साहेब लोकांनी फळ्यावर लिहिलेलं पुसणं. ते काम मी चांगलं करतो, हे कोणालाही विचार. पण त्या कामासाठी मला कोणी स्टेजवर बोलावलं नाही.

आणि त्यांच्या फॉर्ममध्ये मला काय काय विचारतात! मातृभाषा कोणती, अपंगत्व आहे का, घरात पहिला शिकलेला मीच का, सकाळी काम जास्त सुचते की संध्याकाळी. बत्तीस प्रश्न. आपल्याकडे माणूस खाटेवर टेकायच्या आधी जो एक प्रश्न आडून आडून विचारतात, तो मात्र बत्तिसात नाही. (तू म्हणशील, भूषण, ते काढू नको. बरं, नाही काढत.)

मग गेल्या महिन्यात मेल आला. समावेशनाचं काम ज्या पाहतात त्या रिता मॅडम मुंबईहून येणार, आणि नागपूर ऑफिसचा कुटुंबमेळा आपल्या साकोलीकडे तलावाकाठच्या एका रिसॉर्टवर होणार. सानगडीपासून बारा किलोमीटर! मेल इंग्रजीत होता, मी तो फोनमधून मराठी करून घेतला. तो असा: 'आपल्या माणसांना घेऊन या. कुटुंब म्हणजे कोण हे आम्ही ठरवणार नाही, तुम्ही ठरवा. कोणीही बाहेर राहू नये.' आता तूच सांग, याचा अर्थ काय होतो? तू पुण्यात राहून विसरली असशील म्हणून आठवण करून देतो: आपल्याकडे आवतन दोन तऱ्हेचं असते. एक घरटी एक माणूस, आणि दुसरं चूलबंद, म्हणजे घरातल्या कोणीच त्या दिवशी चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी जेवायला यायचं. 'कोणीही बाहेर राहू नये' हे जर चूलबंद नाही तर काय आहे? फॉर्ममध्ये 'किती जण' म्हणून एक चौकोन होता. त्या चौकोनात एकच आकडा बसत होता. मी नऊ लिहिला. खोटं नव्हतं, नऊ तर होतेच.

आले एकतीस. तेजरामभाऊंचा टेम्पो दोन खेपा करून आला. बायजाबाई आली म्हटल्यावर तिची अख्खी टोळी आली, बावीस बाया. (पुण्यातल्या तुझ्या लोकांना समजावून सांगायचं झालं तर असं सांग: बायजाबाईचीही फर्मच आहे. पावसाळ्यात अर्ध्या तालुक्याची धानाची रोवणी, म्हणजे लावणी, ठेक्याने घेते. तिच्याकडे भरतीचा फॉर्म नाही, पण जिचं पोट पुढे आलं आहे तिला बांधावर, धुऱ्यावर बसून पऱ्ह्यांच्या म्हणजे रोपांच्या पेंड्या फेकायचं काम आणि मजुरी सगळ्यांइतकीच. जी म्हातारी झाली तिला शेवटची अर्धी पात. हे कुठेच लिहिलेलं नाही आणि खाली बटणही नाही.) रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून त्यांनी एक पोतं उकडलेले शिंगाडे आणले होते. दारावर ओळखीसाठी पाच रंगांच्या फिती देत होते, म्हणजे वेगवेगळ्या घरची माणसं एकमेकांत मिसळतील. बायांनी आत जाताजाता आपसात अदलाबदल करून सगळ्या हिरव्या करून घेतल्या. टोळी फोडायची नसते.

दारावरच्या मुलीने यादीत पाहिलं, मग टेम्पोकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. पण खरं सांगतो, रिता मॅडम खूश झाल्या. त्या वाईट नाहीत ताई, उलट फार चांगल्या आहेत, आणि चांगला माणूस काय करून बसेल याचा अंदाज येत नाही. इतक्या कुटुंबांत हे खरं कुटुंब, असं काहीतरी म्हणाल्या आणि बायजाबाईचा हात दोन्ही हातांत धरला. बायजाबाईनेही तो बराच वेळ सोडला नाही, कारण तिला वाटलं की बाईला चक्कर येऊन राहिली.

जेवणाआधी खेळ होता. तुझ्या पुण्याच्या ऑफिसातही तो होतो म्हणे, तेव्हा तुला माहीत असेल. सगळ्यांनी हिरवळीच्या मधोमध एका रांगेत उभं राहायचं. समोर स्टेज, मागे तलावाची पाळ. स्टेजवरून एकेक वाक्य वाचतात. ज्यांचे आईवडील कॉलेजात गेले ते एक पाऊल पुढे. ज्यांना लहानपणी कामाला जावं लागलं ते एक पाऊल मागे. ज्यांच्या घरात पुस्तकांचं कपाट होतं ते पुढे. ज्यांना परीक्षेच्या दिवशीही पाणी भरावं लागलं ते मागे. असं करत करत शेवटी वळून पाहायचं, कोण कुठे राहिलं ते, आणि मग सगळ्यांनी गहिवरायचं. (गहिवरण्याची तयारी होती. प्रत्येकाला दिलेल्या पिशवीत पाण्याची बाटली, टोपी आणि कागदी रुमालाचं पाकीट होतं.) रिता मॅडम इंग्रजी-हिंदीत वाचणार आणि 'आपल्या परिवारासाठी' मी मराठीत सांगायचं असं ठरलं, म्हणून दुसरा माइक माझ्या हातात दिला. हा माइक लक्षात ठेव.

पहिल्या तीन वाक्यांपर्यंत सगळं बरोबर चाललं. बाया सांगितलं तसं मागे सरकल्या. पण विचार कर ना ताई. एक रांग. बाजूबाजूला बावीस बाया. समोरून कोणीतरी ओरडून राहिलं, आणि पाऊल मागे. चौथ्या वाक्याला बायजाबाईच्या लक्षात आलं की ही तर रोवणी आहे. नुसत्या पऱ्ह्यांच्या पेंड्या तेवढ्या हातात नाहीत. तिने डावीउजवीकडे पाहून रांग सरळ केली, पदर खोचला आणि 'हूं' म्हणाली. त्यानंतर टोळीने कोणत्याही वाक्याची वाट पाहिली नाही. मी 'ज्यांच्या घरी इंग्रजी वर्तमानपत्र' एवढं म्हणेपर्यंत त्या दहा पावलं मागे गेल्या होत्या, आणि कशा गेल्या म्हणून सांगू! मान वळवून पाहणं नाही, अडखळणं नाही, एकमेकींना धक्का नाही. धानाच्या बांधीत चिखल पोटरीभर असतो, इथे तर कापलेलं गवत. तेजरामभाऊंनाही चेव आला, पण ते मान वळवून पाहत होते, म्हणून मागे पडले, म्हणजे पुढे राहिले. दोन मिनिटांत बाया तलावाच्या पाळीला टेकल्या, पाळीवर बसल्या, आणि पहिली पात आमची लागली म्हणून चहा मागू लागल्या.

इकडे ऑफिसचे लोक मधातच इकडेतिकडे विखुरलेले. आणि सगळ्यात पुढे, स्पीकरच्या डब्याला नाक लावून, एकटे सचिन सर. म्हणजे आमच्या नागपूर ऑफिसचे सगळ्यात मोठे साहेब, ज्यांच्या सहीने मी कायम होणार किंवा नाही होणार. ते प्रत्येक वाक्याला प्रामाणिकपणे पुढे गेले होते. रुमाल काढून तयार होते. त्यांनी वळून पाहिलं तर गहिवरण्यासारखं समोर काहीच नव्हतं. बावीस बाया पाळीवर पाय हलवत बसल्या होत्या आणि त्यांच्याकडे फार कीव करून पाहत होत्या.

रिता मॅडमनी धीर सोडला नाही. त्या पाळीपर्यंत चालत गेल्या आणि हळू आवाजात विचारलं की इतकं मागे राहून तुम्हाला आतून कसं वाटून राहिलं. मी मराठी केलं. बायजाबाईला प्रश्न कळेना. तिने मलाच विचारलं, मागं कोन आहे? आमचं तं झालं, काम त्याईचं बाकी आहे. मॅडमनी पुन्हा समजावलं की नाही, या खेळात पुढे जाणं म्हणजे चांगलं. तेव्हा बायजाबाई म्हणाली, आणि हे मी जसंच्या तसं देतो:

"पुढं चाललं तं रोवलेलं तुडवल्या जाते, बाई. थ्या साहेबाले सांगा, तुमी रोवलेल्यावर उभे आहा."

ताई, मी ते हिंदीत केलं. एका मुलीने ते वहीत लिहून घेतलं. रिता मॅडमचा रुमाल निघाला. सचिन सरांनी खाली आपल्या बुटांकडे पाहिलं, आणि खरोखर एक पाऊल बाजूला सरकले. इथे जर सगळं थांबलं असतं तर आज मी कायम झालेला माणूस असतो.

पण सचिन सर खेळाडू माणूस आहेत. त्यांनी कॉलेजात हॉकी खेळली आहे (हे ते दर मीटिंगमध्ये सांगतात, मी पडदा जोडत असतो म्हणून मला पाठ आहे). ते म्हणाले की आता आपण उलट खेळू, त्यांच्या पद्धतीने, मागे चालत, आणि मीही येतो. बायजाबाईने त्यांना आपल्या शेजारी पात दिली. पँट वर करायला सांगितली, ती त्यांनी केली. मान वळवायची नाही, असं दोनदा सांगितलं. त्यांनी मान वळवली नाही. पण त्या सरळ रेषेत, पाळीच्या अलीकडे, रिसॉर्टने बागेला पाणी द्यायला एक नाली काढली आहे. बायांच्या पायाला नाली न पाहता कळते. साहेबांच्या पायाला ती कळली नाही.

पडले ते बसलेलेच पडले, कमरेपर्यंत, आणि चेहऱ्यावर ऑफिसातलं हसू तसंच. मनगट मोडलं नाही, लचकलं. बाया हसल्या नाहीत. बांधीत पडलेल्या माणसाला टोळी हसत नाही, हात देते. चौघींनी त्यांना बखोट्याला धरून उभं केलं. हसलो मी. आणि माइक माझ्या हातात होता. माझं ते हसणं तलावाच्या पलीकडच्या काठावर जाऊन परत आलं.

त्यानंतर मला मेल आला की माझ्या वर्तनाचा विचार सुरू आहे, तोपर्यंत मी घरून काम करावं. माझं काम मीटिंगच्या खोल्या उघडणं. ते मी सानगडीतून कसं करू? आठ दिवसांपासून सकाळी साडेनऊला आंघोळ करून, शर्ट घालून खुर्चीवर बसतो आणि आई माझ्यासमोरून मुद्दाम चार वेळा झाडू मारत जाते. त्यांनी दोन प्रश्नांचा खुलासा मागितला आहे. एक, वरिष्ठांचा अवमान का केला. दोन, कुटुंबाच्या नावाखाली बाहेरच्या बावीस-तेवीस व्यक्तींना का आणलं. कुटुंब म्हणजे कोण हे आम्ही ठरवणार नाही म्हणाले होते ना? मग काहून ठरवून राहिले?

पहिल्या प्रश्नाला मी माफी लिहून दिली, कारण ती माझी चूक आहे. दुसऱ्याला काय लिहू ते सुचत नाही. तुझा शब्द तिथे चालतो. तू मॅनेजर आहेस. एवढंच सांग की मुलगा कामाचा आहे, खोल्या वेळेवर उघडतो आणि यापुढे हातात माइक घेणार नाही. मला काढलं तरी माझं काही अडत नाही, हैदराबादला एक मित्र बोलावूनच राहिला आहे, पण तुझी सही वाया जाऊ नये एवढंच वाटते.

मोठ्या आईला जयभीम सांग.

तुझा धाकटा भाऊ,
भूषण

ता.क. वर मी हैदराबादचं जे लिहिलं त्यावर विश्वास ठेवू नको. तो मित्र आता तिथे राहत नाही. आणि फोन पाण्यात पडलेला नाही. तांदळाच्या डब्यात आहे हे खरं, पण मीच ठेवला, तुझे मिस्ड कॉल दिसू नयेत म्हणून. ताई, सुरतेत मी चार महिने टिकलो, गोव्यात सहा. इथे अकरा झाले. सकाळी पहिली खोली उघडली की दिवे आपोआप लागतात, आणि अजून कोणी आलेलं नसते. मला ते सोडायचं नाही. हे मी आजवर कोणत्याच जागेबद्दल म्हटलेलं नाही, म्हणून लिहायला आठ दिवस लागले.

ता.क. दुसरा. एक गोष्ट सांगायची राहिली. म्हणजे राहिली नाही, मी ठेवली. आवतन मी माझ्या नावाने दिलं नव्हतं, तुझ्या नावाने दिलं. माझ्या शब्दावर धान चुरणं सोडून कोण येते? मी घरोघरी सांगितलं की करुणाने बोलावलं आहे, आपल्या ऑफिसात, सगळ्यांना. बायजाबाई तर डोळे पुसत होती, म्हणाली पोरीला चार वर्षांनी आठवण झाली. त्यामुळे खरी विनंती अशी: माझी खात्री देऊ नको. माझ्याबद्दल काहीच लिहू नको. त्यांनी विचारलं की ही कोण माणसं, तर एवढंच लिही की मी बोलावली होती, ती माझी माणसं आहेत. मॅनेजरच्या माणसांना बाहेरचं कोण म्हणेल? मला माहीत आहे हे सोपं नाही. रिता मॅडम त्या दिवशी बोलल्या की करुणा तर नागपूर साइडची ना, तिने सानगडीचं नाव कधी काढलं नाही. तू काहून काढत नाहीस ते मी विचारत नाही, बत्तिसातला तो नसलेला प्रश्न मलाही ठाऊक आहे. जमलं तर लिही. नाही जमलं तर मी समजून घेईन, आणि हे बटण दाबून म्हणत नाही.

ता.क. तिसरा. लिफाफा चिकटवायच्या आधी लिहितो. आमच्या दारासमोर नागपूर पासिंगची पांढरी गाडी थांबली आहे. आधी रिता मॅडम उतरल्या. मला वाटलं, शुक्रवार आजच आला. मग दुसऱ्या दारातून तू उतरलीस. ताई, तू कळवलं का नाहीस? (कळवलं असशील. फोन डब्यात आहे.) मी खिडकीतून पाहून राहिलो आणि हात लिहून राहिला. तू आमच्या घराकडे वळायच्या आत समोरून बायजाबाई आली आणि तिने तुझे दोन्ही हात धरले. ती म्हणून राहिली, बाप्पा, किती मोठं आवतन देल्लंस पोरी, आजपर्यंत आमाले असं कोनी बोलावलं नाई. मॅडम शेजारीच उभ्या आहेत आणि त्यांना एवढं मराठी तर कळते. तू एकदा मॅडमकडे पाहिलंस. एकदा आमच्या खिडकीकडे पाहिलंस, इतका वेळ की मी खाली वाकून लिहू लागलो, म्हणून चेहरा दिसला नाही, पण आवाज ऐकू आला, आणि तो पुण्याचा नव्हता:

"हो काकू, मीच बोलावलं होतं. माहीच माणसं आहा तुमी."

बायजाबाईने मॅडमना खाट टाकून दिली आहे. तू आता आमच्या फाटकातून आत येऊन राहिलीस, एकटीच, आणि पायातली चप्पल काढून हातात घेतली आहे. अंगण आईने आजच सारवलं म्हणून घेतली असशील, असं मी धरून चालतो.